बूट म्हणे सभ्य!

माणसाने घराबाहेर पडताना पायांत काय घालावे, हा प्रश्न दिवाळी अंकात चर्चा करण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका कुणालाही येईल. चकली खुसखुशीत कशी व्हावी यावर चार पाने खर्ची पडतात तेव्हा मात्र ही शंका येत नाही. चकली वर्षातून चार दिवस खायची. पाय बारा महिने जमिनीला टेकायचे. तेव्हा चकलीने जरा सरकून घ्यावे आणि वहाणेला बसायला जागा द्यावी, एवढीच विनंती.

मी वहाणेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या घरांच्या रीतीत चालण्याफिरण्यासाठी उघडी वहाण हीच योग्य. मग तिला चप्पल म्हणा, सँडल म्हणा, नाही तर गावाकडचे पायताण म्हणा. बंद बूट हा कामाचा आणि जोखमीचा पोशाख आहे. सभ्यतेचा पोशाख म्हणून तो शाळकरी पोरांच्या आणि नोकरदारांच्या पायांत जो कोंबला जातो, त्याला माझा सक्त विरोध आहे. आणि ज्यांच्या पायांना तो खरोखर हवा त्यांना तो मिळत नाही, याचा मला संताप आहे. या दोन्ही गोष्टी मी एकाच लेखात सांगणार, कारण त्या एकाच खोडाच्या फांद्या आहेत.

हा कुणी रिकामटेकडा गृहस्थ, त्याला बुटांचे काय कळते, असा समज कृपा करून करून घेऊ नये. निवृत्त मी आहे खरा. पण बुटांशी माझी ओळख पुष्कळांपेक्षा जुनी आणि वजनदार आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात ३१ वर्षे मी पोलादी टोपीचे बूट घालून उभा राहिलो. त्या टोपीवर २०० ज्यूलचा आघात झाला तरी आतली बोटे शाबूत राहिली पाहिजेत, असा दंडक आहे. साध्या भाषेत सांगायचे तर २० किलोचा ठोकळा मीटरभर उंचीवरून अंगठ्यावर पडला तरी माणसाने एक शिवी हासडावी आणि पुढच्या कामाला लागावे. माझ्या डाव्या बुटावर असा ठोकळा एकदा पडला. मी शिवी हासडली आणि कामाला लागलो. त्या बुटाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण पाळी संपली, की पहिले काम म्हणजे बूट कपाटात आणि पाय चपलेत! फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा तो अर्धा मैल मला उभ्या दिवसातला सर्वांत सुखाचा वाटे. बोटे एकमेकांपासून सुटी होत, वारा लागे, आणि पाय नावाची काही वस्तू आपल्याला आहे याची आठवण होई.

आता राहतो मारुंजीत. मुळशी तालुक्यातले हे गाव. एका अंगाला हिंजवडीची संगणकनगरी, दुसऱ्या अंगाला कासारसाईचे धरण. भाताची खाचरे आणि उसाचे फड यांच्यामध्ये आता वीस-वीस मजल्यांच्या इमारती उगवल्या आहेत, आणि त्या दोहोंमधून जाणारा रस्ता नक्की कुणाच्या बाजूचा आहे हे अजून ठरायचे आहे. उन्हाळ्यात त्याची धूळ होते, पावसाळ्यात राड होते, आणि बारा महिने त्यावरून सिमेंटचे घुमते पिंप घेऊन मालमोटारी जातात. पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या कडेने, म्हणजे गटाराच्या आतून किंवा बाहेरून, आपापल्या मगदुराप्रमाणे चालावे. पायांत काय घालायचे हा प्रश्न इथे तात्त्विक नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडते, आणि तोच मुहूर्त पावसानेही काढलेला असतो. माझा नातू दुसरीत आहे. गणवेशाच्या कागदावर लिहिले आहे : काळे बूट, पांढरे मोजे, खेळाच्या दिवशी पांढरे कापडी बूट. पांढरे! मारुंजीच्या जुलैत! ज्याने हा नियम केला त्याने आमची माती कधी पाहिली नसावी, किंवा पाहिली असल्यास ती त्याच्या मोटारीच्या काचेतून. पोरगे फाटकापासून बसपर्यंत जाते तेवढ्यात एक डबके लागते. डबके आणि सात वर्षांचा मुलगा यांचे नाते काय असते ते सांगायला नको. बुटात पाणी शिरायला वाट वरून असते. बाहेर पडायला वाट बूट करणाऱ्याने ठेवलेलीच नसते. मग ते पाणी, तो मोजा आणि ते पाऊल अशी तिघांची वस्ती दुपारपर्यंत एकत्र राहते. घरी आल्यावर मोजा सोलून काढावा लागतो. आतली बोटे पांढरीफटक, सुरकुतलेली, भाजीच्या पाटीत आठवडाभर राहिलेल्या मुळ्यासारखी. बोटांच्या बेचक्यांत कातडी सुटलेली. आपल्या भाषेत या दुखण्याला चिखल्या असे नेमके नाव आहे. भातलावणीला दिवसदिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांना ते होई. आता ज्याने चिखलात पाऊलही टाकले नाही अशा पोराला ते फरशीच्या वर्गात बसून होते, आणि त्याचे कारण काय, तर शिस्त!

संध्याकाळी घरोघर दुसरा अंक सुरू होतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते शीतकपाटाच्या मागे गरम हवेत ठेवायचे, मोज्यांवरून इस्त्री फिरवायची. आमच्या सूनबाईंनी एकदा बुटाचा जोड शेगडीच्या कडेला ठेवला, तेव्हा एका बुटाचा तळ करकरीत भाजून वर वळला. सकाळी बूट बाहेरून कोरडे आणि आतून दमट असतात, पोरगे ते नाक मुरडत चढवते, आणि बसपर्यंत जाते. वाटेत डबके आहेच. मी शाळेत जाऊन विचारले, की पावसाळ्याचे चार महिने तरी मागे पट्टा असलेली रबराची सँडल का चालू नये? पाणी शिरते तसे निघून जाते, दोन मिनिटांत पुसून कोरडी. उत्तर मिळाले, "आजोबा, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत." सगळ्यांनी एकसारखी सँडल घातली तर ते एकसारखे दिसणार नाहीत काय? या प्रश्नावर त्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी पोरांना लंगोट नेसवून पाठवायला निघालो आहे.

ही केवळ खासगी शाळांची हौस असती तर मी एवढा तापलो नसतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवले, की सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मोफत द्यावेत. त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. हेतूबद्दल मी शंका घेत नाही; अनवाणी पोराच्या पायांत काही तरी पडावे ही इच्छा चांगलीच आहे. पण १७० रुपयांत बूट अधिक चार मोजे हे गणित, कारखान्यात ३१ वर्षे सुट्या भागांचे दर पाहूनही, मला सुटलेले नाही. त्या किमतीत बूट येतो तो बुटाचा देखावा येतो. तो गगनबावड्याच्या पावसात, मुळशीच्या चिखलात, चंद्रपूरच्या मे महिन्याला लाजवणाऱ्या जूनमध्ये किती दिवस टिकणार? त्याच पैशात एक बरी, मजबूत, मागे पट्टा असलेली सँडल येऊ शकते, आणि मोज्यांचे पैसे उरतात. मग बूटच का? कारण बूट घातलेले पोर 'शाळेतले' दिसते आणि सँडल घातलेले 'गावातले' दिसते. या दोन शब्दांत सगळे दुखणे आहे.

बरे, बुटाने पाय सुधारतो म्हणावे तर तेही नाही. राव आणि जोसेफ या दोन भारतीय शल्यचिकित्सकांनी २३०० मुलांच्या पावलांची पाहणी करून १९९२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राण घालणाऱ्या मुलांत तळव्याची कमान न धरलेले सपाट पाऊल शेकडा ८.६, आणि न घालणाऱ्यांत शेकडा २.८. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत हा दोष अधिक, चपला-सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी. वाढत्या पायाची कमान पायाने स्वतः मेहनत करून उभारायची असते. बूट ती मेहनत करू देत नाही. पोराला सायकल शिकवताना आपण जन्मभर मागचे कॅरिअर धरून पळत राहिलो तर ते जेवढी सायकल शिकेल, तेवढेच बुटातले पाऊल चालायला शिकते.

आता मोठ्यांकडे वळतो. आमच्या शेजारच्या हिंजवडीत कचेऱ्यांचे जे काचेचे डोंगर आहेत, त्यांपैकी एकाच्या दाराशी गेल्या वर्षी मी मुलीचा विसरलेला डबा घेऊन गेलो. अंगात स्वच्छ लेंगा-शर्ट, पायांत तेल लावून निगुतीने राखलेली कोल्हापुरी. दारावरचा पहारेकरी नम्रपणे म्हणाला, "काका, चपलेवर आत सोडत नाहीत. मी देतो नेऊन." मी त्याच्या पायांकडे पाहिले. बारा तासांची पाळी, मेचे ऊन, आणि पायांत काळे, जाड, त्याच्या मापापेक्षा एक बोट मोठे बूट. मी बघतो आहे हे पाहून तो ओशाळा हसला आणि म्हणाला, "कोणी नसलं की टेबलाखाली काढून ठेवतो." तो मराठवाड्याकडचा मुलगा. त्याच्या बापाने आयुष्यात बूट घातला नाही आणि त्याच्या बापाच्या पायांना कधी वासही आला नाही. त्या पोराला बूट घालायला लावून आणि मला चपलेसाठी अडवून त्या काचेच्या डोंगराने नक्की कोणते गुपित राखले, हे मला अजून समजलेले नाही.

हे आले कुठून? याला इतिहास आहे आणि तो मोठा बोलका आहे. साहेबाच्या दरबारात एतद्देशीयाने जोडे काढून जावे, असा इंग्रजी अमलात रिवाज होता. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठराव करून सवलत दिली, की विलायती पद्धतीचे बूट आणि मोजे घालणाऱ्या नेटिव गृहस्थाने ते न काढता यावे. देशी जोडा घालणाऱ्याने मात्र तो उंबऱ्याबाहेरच ठेवावा. १८६२ मध्ये माणेकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थाने सुरतेच्या न्यायालयात जोडे काढायचे नाकारले आणि त्याला बाहेर काढण्यात आले. त्यावर केवढा गहजब झाला! अखेर १८७४ मध्ये सरकारने नवा ठराव करून ती विलायती बुटाची सवलत न्यायकचेऱ्यांपर्यंत पसरवली. म्हणजे पाहा, मान माणसाला नव्हता, बुटाला होता. देशी जोड्यातला पाय असभ्य. तोच पाय विलायती बुटात घातला की सभ्य. साहेब १९४७ साली गेला. त्याचा तो ठराव दारावरच्या पहाऱ्यावर अजून नोकरीला आहे, आणि त्याची बढतीही होत आहे.

या ठरावापुढे कीर्तीही चालत नाही. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी १९६४ मध्ये कवी मुक्तिबोध गेल्यावर पादत्राणे सोडली ती सोडलीच. (मुक्तिबोध हिंदीत लिहीत, पण घरात मराठी, आपण त्यांना आपले म्हणायला नेहमीच उशीर करतो.) १९८८ मध्ये याच हुसेनना मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने पाय उघडे म्हणून आत घेतले नाही. ज्यांची चित्रे श्रीमंतांच्या भिंतींवर टांगलेली असत त्यांना त्याच श्रीमंतांच्या फरशीवर उभे राहता येईना!

इथे एक वाचक मला हात धरून थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तो म्हणेल, "तुमच्या आजोबांनी वहाणा घातल्या म्हणून तुम्हांला वहाणेचे कौतुक. माझ्या आजोबांना वरच्या आळीतून जाताना पायांतले काढून हातांत धरावे लागे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या सुटाखालचा चकचकीत बूट हे त्या आळीला दिलेले उत्तर होते. तो बूट तुम्ही आता काढायला सांगता?" मुळीच नाही. त्या बुटापुढे मी नमस्कार करतो. पण एक गोष्ट त्या वाचकाने माझ्याबरोबर पाहावी. त्या आळीत बंदी होती ती पायतणालाच. ज्या माणसाचे पायताण त्या आळीने हातांत धरायला लावले, तो पायताण पायांत घालून ताठ मानेने त्याच आळीतून जातो, हाच त्याचा विजय होता. मग आजची जी दारे त्याच्या नातवाला म्हणतात, 'पायताण असेल तर मागे हो', ती कुणाची बाजू घेतात? बाबासाहेबांची की त्या आळीची?

वहाणेविषयीच्या तुच्छतेचे मूळ, मला विचाराल तर, तिथेच आहे. वहाण शिवणारा चर्मकार, कातडे कमावणारा ढोर. त्यांना आपण गावकुसाशी ठेवले, आणि त्यांच्या हातची वस्तू रोज पायांत घालून वर तिचीच शिवी केली. 'जोडे मारणे', 'पायातली वहाण', 'खेटराने पूजा' हा आपला शब्दसंग्रह. यंत्रावर चिकटवलेला बूट मात्र कुणाच्याच हातचा नसल्यामुळे पवित्र! त्या 'अपवित्र' हातांचे काम तरी पाहा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे, थरावर थर बसवायचे, कातड्याच्याच वादीने शिवायचे, खिळा एकही नाही. वरची बारीक वेणी बहुधा घरातल्या बायका घालतात. अंगठा, पट्टा, कान या एकेका अवयवाला नाव आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या आपल्या चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमेवरून भांडणारी दोन राज्ये चपलेच्या बाबतीत एक झाली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट.

आणि जून २०२५ मध्ये काय झाले ते आपण वाचलेच आहे. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने आपल्या पुरुषी पोशाखांच्या मंचावर जी वहाण मिरवली ती हुबेहूब कोल्हापुरीच्या वळणाची. कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने मान्य केले, की प्रेरणा भारतीय कारागिरांची. सगळ्यांना राग आला तो नावाचा. मला आणखी एका गोष्टीचे हसू आले. त्या मंचावरून ऐटीत चाललेला तो गोरा तरुण त्याच पायांनी हिंजवडीत उतरला असता, तर पहारेकऱ्याने त्याला सांगितले असते, "चपलेवर आत सोडत नाहीत."

उघड्या वहाणेत चालणे म्हणजे मागासलेपण, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या घराचा उंबरा एकदा नीट पाहावा. ज्या थंड देशांत बूट जन्माला आला तिथे तो पुष्कळ घरांत दिवसभर पायांतच असतो. आपल्याकडे घर, देऊळ, शेजाऱ्याची ओसरी, दवाखाना, दुकानाची गादी, गावचे पारायण, जिथे जावे तिथे पादत्राण बाहेर. दिवसातून दहा वेळा नाडी सोडा, दहा वेळा बांधा, आणि मोज्यांनिशी ओल्या फरशीवर पाऊल टाका! सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेला बूटवाला पाहुणा दारात एका पायावर नाचताना पाहिला, की मला तीर्थप्रसादापेक्षा अधिक पुण्य लागल्यासारखे होते.

हा विनोद सोडा. जयपूर पायाची गोष्ट घ्या. त्याआधी पाय गमावलेल्यांना जो विलायती धाटणीचा कृत्रिम पाय मिळे तो बुटात घालूनच चालण्यासाठी केलेला होता. आपला शेतकरी तो घेऊन घरी जाई आणि काही दिवसांत माळ्यावर टाकून कुबडीकडे परत येई. त्याला चिखलात जायचे होते, मांडी घालून बसायचे होते, देवळात जायचे होते. १९६८ च्या सुमारास जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला, की तो बुटावाचून, अनवाणीही चालतो. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बूट गृहीत धरला तेव्हा माणूस घरी बसला. बूट वगळला तेव्हा तो शेतात गेला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांवर आयुष्यातली कितीतरी वर्षे घालवली. अशा पायांसाठी आपल्याकडे जे पादत्राण रूढ झाले तेही मऊ, सूक्ष्मछिद्री रबराची, मागे पट्टा असलेली, खिळा नसलेली चप्पलच.

आता प्रतिपक्षाचे देणे देऊन टाकतो. चप्पल मागून चिखल उडवते. पांढऱ्या लेंग्यावर कमरेपर्यंत ठिपक्यांची जी नक्षी उठते ती कुठल्याही साबणाला दाद देत नाही. मागे पट्टा असलेल्या सँडलने हे पुष्कळ कमी होते, संपत नाही. कातडी वहाण पावसात नेऊ नये. ती दसऱ्यापर्यंत माळ्यावर ठेवावी. लोहगडावर श्रावणात जायचे असेल, तर शेवाळलेल्या काळ्या पायऱ्यांवर घट्ट पकड असलेला बूटच घाला, तिथे माझा लेख वाचत बसू नका. आणि या चार दिवसांत पोरे फुलबाज्या-भुईचक्रे लावतील तेव्हा त्यांच्या पायांत बंद बूट असू द्या. नरकचतुर्दशीला कारीट मात्र उघड्या अंगठ्यानेच फोडावे लागते. बुटाने फोडलेल्या नरकासुराचा वध शास्त्राला मान्य नाही.

देणे दिले, आता येणे मागतो. बूट जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे तो कुठे आहे? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, आणि दंश बहुधा पायाला. बांधावरून अंधारात पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला घोणस दिसत नाही. त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंत येणारा रबरी बूट आणि हातांत विजेरी, एवढ्याने कितीतरी संसार वाचतील. दिवाळी झाली की आमच्याकडे ऊस तोडायला टोळ्या येतात. कोयत्याने तोडलेल्या उसाचे धसकट भाल्यासारखे वर उभे असते, आणि त्यातून बाया फाटक्या चपलांनी डोक्यावर मोळी घेऊन चालतात. त्यांच्यासाठी गणवेशाचा कागद कुणी छापलेला नाही.

आणि माझा स्वतःचा कारखान्यांचा पट्टा! चाकण, भोसरी, तळवडे. मोठ्या कारखान्यात कायम कामगाराला बूट मिळतो. मी तो घातला आहे. पण मोठ्या कारखान्याचा सुटा भाग ज्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतो तिथे एकदा डोकावून या. मी गेलो आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. पत्रा कापणाऱ्या यंत्रासमोर कंत्राटी पोरगा हवाई चपलेत उभा असतो, आणि चपलेच्या पुढे उघडी पाच बोटे. कारखान्यांचा कायदा १९४८ मध्येच झाला होता. शेडच्या मालकाला विचारले तर तो म्हणाला, "टिकत नाहीत हो ही पोरं, बूट दिले की बूट घेऊन जातात." संध्याकाळी त्याच मालकाचा मुलगा वातानुकूल शाळेतून येतो, पायांत काळा बूट, पांढरा मोजा, शिस्तीत. जिथे लोखंड पडते तिथे चप्पल, आणि जिथे फार तर पेन्सिल पडते तिथे बूट! गटारे उपसणाऱ्यांचे तेच. त्यांच्या गमबुटांसाठी कुठला ठेकेदार एवढा काटेकोर असतो, जेवढा आमच्या शाळेचा शिपाई मोज्यांच्या रंगासाठी असतो?

चालण्याची खरी परीक्षा म्हणाल तर ती आमच्या दारावरून जाते. देहू-आळंदी मारुंजीपासून फार दूर नाहीत. आषाढीच्या आधी जी माणसे तिथून निघून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूर गाठतात त्यांच्या पायांकडे मी दर वर्षी मुद्दाम पाहतो. काही अनवाणी, बाकीचे चपलांत; वाटेवर चर्मकार बंधू त्यांच्या तुटलेल्या अंगठ्यांना सेवा म्हणून फुकट टाके घालतात. पालखीत असतात त्या पादुका. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी चालत आले, तेव्हा सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, वडापाव दिले, आणि चपलांचे जोड आणून दिले. परीक्षा असलेल्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. त्या रात्री रस्त्यावरून गेलेल्या पायांना असभ्य म्हणण्याची कुणाची छाती आहे ते मला दाखवा.

सुटी संपली की आमच्या शाळेत पालकसभा आहे. मी अर्ज लिहून ठेवला आहे आणि इमारतीतल्या ४१ घरांच्या सह्या घेतल्या आहेत. त्यांतल्या ३० आयांच्या आहेत, आणि त्यांनी अर्ज न वाचताच सही केली. मागणी एवढीच, की जून ते सप्टेंबर मागे पट्टा असलेली काळी सँडल गणवेशात धरावी, आणि खेळाच्या पांढऱ्या बुटांचा रंग बदलून आमच्या मातीचा करावा. पहारेकऱ्याच्या बुटांसाठी अर्ज कुठे करायचा असतो, हे कुणाला ठाऊक असल्यास कळवावे.